पायरी आणि प्रवेश : लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या इतिहासातील एक प्रश्न

२२ जून १८९७ ही तारीख मराठी वाचकाला एका निराळ्याच घटनेमुळे परिचित आहे. त्या रात्री पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. ज्या समारंभाहून ते परतत होते तो व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षे पूर्ण झाल्याचा उत्सव होता. या उत्सवाचा मुख्य धार्मिक विधी त्याच दिवशी लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलपाशी पार पडला. 'कॅथीड्रलमध्ये' असे न म्हणता 'कॅथीड्रलपाशी' असे मी हेतुपुरस्सर म्हणत आहे. कारण राणी त्या दिवशी मंदिरात गेलीच नाही. तिची उघडी घोडागाडी पश्चिमेकडील भव्य पायऱ्यांसमोर येऊन थांबली. बिशप, इतर धर्माधिकारी व गायकवृंद पायऱ्यांवर उभे राहिले. आणि सुमारे वीस मिनिटांचा तो आभारप्रार्थनेचा विधी राणीने गाडीत बसूनच ऐकला. याचे कारण अगदी साधे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या राणीला पायऱ्या चढवत नव्हत्या.

हा प्रसंग इतिहासग्रंथांत बहुधा साम्राज्याच्या वैभवाचे चित्र म्हणून येतो. प्रस्तुत लेखात त्याच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, अशा उपासकांना व प्रेक्षकांना प्राचीन प्रार्थनामंदिरात प्रवेश कसा मिळावा, हा प्रश्न आज सर्वत्र विचारला जात आहे. तो केवळ बांधकामाचा प्रश्न आहे असा एक समज आहे. वास्तविक तो इतिहासाचाही प्रश्न आहे, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे काही अंशी भाषेचाही आहे.

१

१६६६ च्या लंडनमधील प्रचंड आगीत जुने सेंट पॉल मंदिर उद्ध्वस्त झाले. त्या जागी ख्रिस्टोफर रेन याच्या आराखड्यानुसार १६७५ मध्ये नव्या मंदिराची पायाभरणी झाली आणि १७११ मध्ये पार्लमेंटने ते पूर्ण झाल्याचे जाहीर केले. रेनने येथे मध्ययुगीन गॉथिक पद्धती सोडून प्राचीन रोमन वास्तुकलेचा आदर्श स्वीकारला. रोमन देवालय उंच जोत्यावर उभे असे व समोरच्या पायऱ्यांनीच त्याकडे जावे लागे. शिवाय सेंट पॉलच्या संपूर्ण इमारतीखाली तळघर आहे. त्याला उजेड मिळावा म्हणून त्याच्या खिडक्या जमिनीच्या वर ठेवल्या आहेत. साहजिकच मुख्य मंदिराची भूमी बाहेरच्या रस्त्यापेक्षा बरीच उंचावली. म्हणजे येथील पायऱ्या नुसत्या शोभेच्या नाहीत. त्या त्या वास्तूच्या रचनेतूनच निर्माण झाल्या आहेत. हे ध्यानात न घेता 'पायऱ्या काढून टाका' असे म्हणणे सोपे असले तरी निरर्थक आहे.

मंदिरात शिरल्यावरही चढण संपत नाही. घुमटाच्या आतल्या कुजबुज-सज्जापर्यंत २५७ पायऱ्या आहेत, बाहेरच्या दगडी सज्जापर्यंत ३७६ आणि शिखराजवळच्या सोनेरी सज्जापर्यंत ५२८. ज्याने हे सर्व उभारले तो रेनही म्हातारपणातून सुटला नाही. घुमटाचे काम चालू असता या वृद्ध स्थपतीला आठवड्यातून तीन-चार वेळा टोपलीत बसवून दोरांनी वर ओढून नेत, असे मार्लबरोच्या डचेसने म्हटले होते. या वास्तूच्या उंचीपुढे हात टेकून शरीरासाठी काहीतरी सोय करावी लागलेला पहिला मनुष्य खुद्द तिचा कर्ताच होता, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

२

व्हिक्टोरिया राणी याच मंदिरात पूर्वी आली होती. युवराज दुखण्यातून उठल्याबद्दल २७ फेब्रुवारी १८७२ रोजी येथे आभारप्रार्थना झाली. त्या वेळी ती बावन्न वर्षांची होती व पायऱ्या चढून आत गेली होती. पुढे १८८३ मध्ये विंडसर येथे ती जिन्यावरून पडली, आणि तेव्हापासून तिचे चालणे पूर्ववत झाले नाही. १८७२ व १८९७ या दोन वर्षांच्या दरम्यान सेंट पॉलच्या पायऱ्यांची उंची वाढली नव्हती. तीच राणी, त्याच पायऱ्या; बदलले होते ते दोहोंमधील नाते. अपंगत्व ही काही थोड्या दुर्दैवी माणसांची निराळी जात आहे, अशी जी समजूत आपण नकळत बाळगतो, ती या एका उदाहरणाने ढासळते. जो दीर्घायुषी होतो तो बहुधा एक दिवस पायरीपाशी थबकतोच.

राणीच्या अडचणीवर काय उपाय योजला गेला, हे पाहणे उद्बोधक आहे. ती मंदिरात येऊ शकत नव्हती म्हणून मंदिरच बाहेर आणले गेले. बिशप बाहेर आले, गायक बाहेर आले, स्तोत्रे आकाशाखाली गायिली गेली. राणीच्या एका नातलग स्त्रीला हे रुचले नाही. साठ वर्षे राज्य केल्यावर रस्त्यात उभे राहून देवाचे आभार मानावयाचे, या कल्पनेनेच ती व्यथित झाली. पण तिच्या तक्रारीचा कोणी फारसा विचार केला नाही, आणि आज त्या जागी फरसबंदीत कोरलेला लेख त्या प्रसंगाची आठवण देत आहे.

या घटनेतून दोन निष्कर्ष निघतात. एक असा की, शरीराची अडचण मान्य करून विधीत व व्यवस्थेत बदल करणे हे धर्माला किंवा परंपरेला कधीच अशक्य नव्हते. दुसरा निष्कर्ष कमी सुखावह आहे. तो असा की, हा बदल अडचण कोणती आहे हे पाहून होत नसे. अडचण कोणाची आहे हे पाहून होत असे. त्या दिवशी लंडनच्या रस्त्यांत जमलेल्या लाखो लोकांत गुडघे धरलेल्या कितीतरी म्हाताऱ्या स्त्रिया असतील. त्यांच्यासाठी मंदिर कधी पायऱ्या उतरून खाली आले नव्हते.

३

येथे भाषेच्या अभ्यासकाला थोडे थांबावेसे वाटते. मराठीत 'पायरी' या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत इतके मिसळले आहेत की ते वेगळे काढणे कठीण व्हावे. 'पायरी ओळखून वागणे', 'पायरी सोडून बोलणे' या प्रयोगांत पायरी म्हणजे समाजातील दर्जा. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' या म्हणीत पायरी म्हणजे एका संस्थेच्या अधिकारक्षेत्राची सीमा. आणि पंढरपूरच्या महाद्वारातील नामदेवाची पायरी म्हणजे नम्रतेची परिसीमा. इतरांनी ज्यावर पाय ठेवून आत जावे तो दगड होण्याची भक्ताची इच्छा तीत मूर्त झाली आहे. दगड, दर्जा आणि प्रवेश या तिन्ही कल्पना आपल्या भाषेने एकाच शब्दात साठविल्या आहेत.

'मंदिरप्रवेश' हा शब्दही आपणास अपरिचित नाही. १९३० मधील नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १९४७ मधील साने गुरुजींचे पंढरपूरचे उपोषण यांमुळे त्याला महाराष्ट्रात विशिष्ट अर्थ प्राप्त झाला. तो लढा अस्पृश्यतेविरुद्धचा होता. त्याची व प्रस्तुत प्रश्नाची सरमिसळ करणे योग्य नव्हे. परंतु तुलनेने एक भेद स्पष्ट होतो. तेथे 'आत येऊ नको' असे म्हणणारा मनुष्य समोर उभा होता, म्हणून त्याला जाब विचारता येत होता. पायरीपाशी तसे कोणी नसते. कोणी कोणाला अडवीत नाही, दार सताड उघडे असते, आणि तरीही एक मनुष्य बाहेर राहतो. निषेध दगडाने केलेला असल्यामुळे त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

याला भाषेचेही साहाय्य होते. पांगळा, लुळा, थोटा, आंधळा, बहिरा हे जुने शब्द घ्या, नंतरचे अपंग व विकलांग घ्या, किंवा २०१५ नंतर सरकारी व्यवहारात रूढ झालेला 'दिव्यांग' हा गौरवपर शब्द घ्या. सूर बदलत गेला. पण हे सर्व शब्द व्यक्तीच्या शरीराकडेच बोट दाखवितात. पायरीचा त्यात उल्लेख नसतो. याच्या उलट 'दुर्गम' हा शब्द पाहा. जेथे जाणे कठीण ते दुर्गम. 'दुर्ग' या शब्दाचा मूळ अर्थही तोच. डोंगरी किल्ला चढता आला नाही तर आपण चढणाऱ्याला दूषण देत नाही, किल्ल्याला दुर्गम म्हणतो. येथे विशेषण स्थळाला लागते, माणसाला नव्हे. ३ डिसेंबर २०१५ रोजी भारत सरकारने ज्या मोहिमेस आरंभ केला तिच्या नावात 'सुगम्य' हा शब्द आहे, आणि तोही स्थळाचेच वर्णन करतो. हा बदल क्षुल्लक नाही. 'हा मनुष्य अपंग आहे' या वाक्याला उत्तर म्हणून दया पुरते. 'हे मंदिर दुर्गम आहे' या वाक्याला उत्तर म्हणून काम करावे लागते.

४

ख्रिस्ती धर्मग्रंथांत या विषयासंबंधी दोन प्रवाह दिसतात. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात, याजककुळातील आंधळ्या, लंगड्या किंवा अन्य शारीरिक व्यंग असलेल्या पुरुषाने वेदीपाशी जाऊ नये असा नियम आहे. मात्र पवित्र अन्नातील त्याचा वाटा त्याला नाकारलेला नाही. या विचाराचा ठसा दीर्घकाळ टिकला. रोमन कॅथॉलिक पंथाच्या १९१७ च्या धर्मसंहितेत, वेदीवरील सेवा नीट करता येणार नाही असे शारीरिक व्यंग हे याजकदीक्षेच्या आड येणारे कारण म्हणून नमूद होते. १९८३ च्या संहितेत त्या यादीतून शारीरिक व्यंग वगळण्यात आले.

दुसरा प्रवाह नव्या करारात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात आंधळे व लंगडे मंदिरातच येशूकडे येतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायातील जन्मापासून पांगळा असलेला मनुष्य रोज 'सुंदर' नावाच्या दरवाजापाशी आणून ठेवलेला असतो. बरा झाल्यावर तो सर्वप्रथम काय करतो, तर मंदिरात जातो. या सर्वांत मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील कथा आमच्या विषयाला सर्वांत जवळची आहे. घराच्या दाराशी गर्दी असल्यामुळे चौघे जण एका पक्षघाती मनुष्याला छपरावर नेतात, छप्पर उसकटतात व त्याला बाजेसह खाली सोडतात. येशू त्या चौघांना छप्पर मोडल्याबद्दल रागावत नाही. त्यांचा विश्वास पाहून तो प्रसन्न होतो. मनुष्य आत यावा म्हणून इमारत मोडावी लागली तर मोडावी, याला यापेक्षा जुना आधार शोधण्याची गरज नाही.

५

तथापि आक्षेपकांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती उथळ नाही. त्यांचे म्हणणे असे की, सेंट पॉल ही एका प्रतिभावंताची परिपूर्ण कलाकृती आहे, तिला नवे अवयव जोडणे म्हणजे तिचा अवमान करणे होय. उतरण, म्हणजे आज जिला सर्रास रॅम्प म्हणतात ती, झाकून टाकता येण्यासारखी वस्तू नसते. एक फूट उंची चढावयास किमान बारा फूट लांबी लागते असे सर्वसाधारण प्रमाण आहे. म्हणजे पाच फूट उंचीच्या जोत्यास साठ फूट लांबी, आणि मध्ये विसाव्याच्या सपाट जागा वेगळ्याच. एवढे बांधकाम दर्शनी भागावर परिणाम केल्यावाचून राहत नाही.

या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. रेनचे सेंट पॉल जसेच्या तसे आज कोठे आहे? भिंतींच्या माथ्यावरचा कठडा रेनच्या इच्छेविरुद्ध त्याच्या हयातीतच बसविण्यात आला. ज्या जाळीवर वाद्य-ऑर्गन होता ती गायनस्थानापुढील जाळी १८६० मध्ये काढली गेली, आणि पुढे त्या वाद्याचे दोन भाग करून ते दोन बाजूंना बसविले. आवाराचा पश्चिमेकडील लोखंडी कठडा १८७४ मध्ये हलविला. गायनस्थानावरील झगमगते कुट्टिमचित्रण १८९० नंतरच्या काळातील आहे. एप्रिल १९४१ मध्ये बॉम्ब पडून उत्तर बाहूची भूमी तळघरापर्यंत फुटली व ती नव्याने बांधावी लागली. आजची मुख्य वेदी व तिच्यावरचे छत्र १९५८ चे. वाद्यासाठी, रहदारीसाठी, बदलत्या अभिरुचीसाठी, युद्धातील हानीसाठी ही वास्तू वारंवार बदलली. मग केवळ चाकाच्या खुर्चीसाठी बदल करावयाची वेळ आली म्हणजेच 'मूळ रूप' पवित्र का ठरावे?

इंग्लंडमध्ये १९९५ च्या कायद्याने अपंगांविरुद्धचा भेदभाव निषिद्ध ठरविला. इमारतींतील अडथळे दूर करण्याची सेवासंस्थांवरील जबाबदारी १ ऑक्टोबर २००४ पासून अमलात आली, आणि २०१० च्या समता कायद्याने ती कायम ठेवली. कायदा 'वाजवी' फेरबदल मागतो. काय वाजवी आहे याचा निर्णय मात्र प्रत्येक वास्तूत नव्याने करावा लागतो. कॅथीड्रलच्या बाबतीत चर्चची स्वतःची वास्तुरक्षक समिती असते. तिच्या संमतीखेरीज दगड हलत नाही. अशा विचारविनिमयातून २०२२ मध्ये सेंट पॉलच्या उत्तर बाहूच्या दाराशी दोन कायमच्या उतरणी बांधून पूर्ण झाल्या. मंदिराच्या देखभालीची जबाबदारी असलेले स्थपती ऑलिव्हर कॅरो यांच्या कार्यालयाने त्यांची रचना केली.

या कामाचे महत्त्व उतरणी बांधल्या यात फारसे नाही. चाकाच्या खुर्चीतील माणसाला त्यापूर्वीही आत जाता येत होते, परंतु बाजूच्या वेगळ्या वाटेने. आता जे दार आहे ते सर्वांसाठी आहे. पायांनी येणारा व चाकांवर येणारा दोघेही त्याच उंबरठ्यावरून आत जातात. प्रेक्षकाला ही गोष्ट कदाचित गौण वाटेल, कारण त्याला आतले पाहावयाचे असते. उपासकाला ती गौण नाही. उपासनेत प्रवेश हा स्वतःच एक विधी आहे. वधू दारातून येते, शवपेटी दारातून येते, मिरवणूक दारातून येते. ज्याला दरवेळी मागच्या वाटेने यावे लागते तो समुदायात नंतर मिसळतो; समुदायाबरोबर येत नाही.

हेही मान्य केले पाहिजे की सर्वच सुगम होणार नाही. सोनेरी सज्जाच्या ५२८ पायऱ्या घुमटाच्या पोटातून जातात; तेथे उतरण शक्य नाही. परंतु सज्जा हे दृश्य पाहण्याचे ठिकाण आहे आणि वेदी हे उपासनेचे. प्रयत्नांचा क्रम त्यावरून ठरावा. तसेच अडथळा केवळ दगडाचाच असतो असेही नाही. विशाल घुमटाखाली शब्द घुमत राहतो व कमी ऐकू येणाऱ्याला प्रवचन अस्पष्ट होते. तेथे वक्त्याचा आवाज विद्युत्-वलयामार्फत थेट श्रवणयंत्रात पोहोचविणे हीच उतरण होय. अंधाला स्पर्शाने समजेल अशी प्रतिकृती हीदेखील उतरणच.

६

हा प्रश्न आपल्या भूमीवरही आहे, आणि तो जुन्या गोव्यात विशेष तीव्रतेने जाणवतो. तेथील चर्च व मठ १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि त्यांतील बाँ जेझूस बासिलिकेत आजही नित्य उपासना चालते. १६०५ मध्ये अभिषिक्त झालेल्या या मंदिराचा जांभ्या दगडाचा उघडा, तांबूस चेहरा आज इतका प्रसिद्ध आहे की तेच त्याचे मूळ रूप असे पाहणाऱ्यास वाटते. वास्तविक त्यावर चुन्याचा गिलावा होता. तो विसाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज राजवटीत काढून टाकण्यात आला. म्हणजे येथेही जपण्याचे 'मूळ' हे अंशतः अलीकडचेच आहे.

सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष येथे एका उंच संगमरवरी समाधीवर चांदीच्या पेटीत असतात. दर दहा वर्षांनी ते खाली उतरवून समोरच्या से कॅथीड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवण्याची प्रथा आहे. अलीकडचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. भक्तांना संतापर्यंत चढता येत नाही म्हणून संत भक्तांपर्यंत उतरतो, हे तत्त्व गोव्याच्या या प्रथेतच अंतर्भूत आहे. त्या दर्शनाच्या आरंभापूर्वी तेराच दिवस, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याशी विसंगत आहे, असे ठरवून न्यायालयाने सक्तीची मानके करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. दुसऱ्या बाजूस १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा संरक्षित वास्तूंत व त्यांच्या सभोवार नव्या बांधकामाला कडक मर्यादा घालतो. हे दोन्ही कायदे आपापल्या जागी योग्य आहेत. त्यांचा मेळ घालणे हे न्यायालयाचे काम जितके आहे तितकेच वास्तुशास्त्रज्ञांचे, इतिहासकारांचे व त्या त्या उपासकसमुदायाचेही आहे. सेंट पॉलचे उदाहरण एवढेच सांगते की, घाई न करता, पण टाळाटाळही न करता, असा मेळ घालता येतो.

१८९७ मध्ये एका वृद्ध स्त्रीसाठी कॅथीड्रल पायऱ्या उतरून वीस मिनिटे खाली आले होते. ते प्रत्येकासाठी, प्रत्येक दिवशी खाली यावे यासाठी आणखी १२५ वर्षे जावी लागली. या दोन घटनांमध्ये वास्तुशास्त्राने फार मोठा शोध लावला असे नाही. उतरण ही चाकाइतकीच जुनी आहे. बदलला तो प्रश्न. 'हा मनुष्य का चढू शकत नाही?' असे आपण फार काळ विचारीत आलो. 'ही पायरी येथे का आहे, आणि तिच्या शेजारी दुसरी वाट का नाही?' असे विचारावयास आपण आता कोठे आरंभ केला आहे.